हौदा: कामाचा आणि हौसेचा

कोल्हापुरात पिकअपची ताकद किलोत मोजण्यापेक्षा गुळाच्या रव्यांत मोजावी. एक रवा ३० किलोचा. खासगी वापरासाठी, ऐटीची गाडी म्हणून विकली जाणारी इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस घेतली, तर कंपनीने तिला दिलेली मालक्षमता ३०० किलोंच्या आतली आहे. म्हणजे फार तर नऊ रवे ठेवले की संपले. दहावा ठेवायची परवानगी नाही. त्याच कंपनीची, त्याच घराण्यातली एस-कॅब किंवा महिंद्राची बोलेरो कॅम्पर या दुहेरी केबिनच्या गाड्या एक टनाच्या आसपास माल नेतात. तिथे तेहतीस रवे बसतात. मागची आसने नसलेली, एकाच केबिनची १.७ टनी बोलेरो पिकअप छप्पन रवे उचलते. आता किंमत पाहा. बोलेरोची छप्पन रव्यांची आणि तेहतीस रव्यांची गाडी दहा लाखांच्या आगेमागे मिळते. नऊ रव्यांच्या गाडीला पंचवीस लाखांच्या आसपास मोजावे लागतात. हा हिशेब ऐकून कोणीही व्यवहारी माणूस म्हणेल की महागडा पिकअप हा शुद्ध चोचला आहे. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. चोचला त्या गाडीच्या कल्पनेत नाही. माणसे आणि माल, काम आणि हौस एकाच चाकांवर नेण्याची कल्पना कोल्हापूरच्या रक्तातलीच आहे. चूक झाली ती त्या कल्पनेची दोन शकले करण्यात: एकीकडे काम करणारी पण माणसांची पुरेशी काळजी न घेणारी गाडी, दुसरीकडे माणसांची काळजी घेणारी पण काम टाळणारी. या दोन शकलांच्या मधली गाडी आपल्याकडे अजून धड मिळत नाही, आणि ती का मिळत नाही हे समजून घेतले पाहिजे.

कामाची गाडी वेगळी आणि फिरायची गाडी वेगळी, ही वाटणी या भागात नवी आहे. शेणखत शेतात नेणारी बैलगाडीच धुऊन-पुसून, वर गवताची गादी आणि घोंगडे अंथरून चैत्रात जोतिबाच्या डोंगराकडे निघे. मार्गशीर्षात सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाणारी बिऱ्हाडेही शिधा, भांडी आणि माणसे एकाच गाडीत घालून मुक्काम करत जात. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीत गूळ घेऊन येणाऱ्या गाडीने परतताना घरचा बाजार आणि बाजार बघायला आलेली पोरे नेली, तर त्यात कोणाला काही वेगळे वाटत नसे. आजही इथल्या हौसेचे स्वरूप तेच आहे. कोल्हापूरकराची सहल म्हणजे हॉटेलात खोली घेणे नव्हे. रस्सा मंडळ घेऊन कोणाच्या तरी मळ्यात किंवा नदीकाठी चूल मांडणे आहे. त्याला पातेली, लाकडे, पाण्याचे कॅन, मटण, तांदूळ, सतरंज्या आणि दहा-वीस माणसे लागतात. पावसाळ्यात निघणाऱ्या पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीत चालणारे पुढे आणि त्यांचा शिधा नेणारे वाहन मागे असते. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हापासून शर्यतीच्या मैदानाबाहेर पिकअपच्या रांगा लागतात, कारण पळणारा बैल आता स्वतः चाकांवर बसून येतो. या सगळ्यात काम कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते, हे सांगणे अवघड आहे. म्हणूनच पिकअपच्या सोयींची 'उपयोगी' आणि 'मौजेच्या' अशा दोन रकान्यांत केलेली विभागणी मला इथे गैरलागू वाटते.

जगातही या गाडीचा जन्म अशाच गरजेतून झाला. ऑस्ट्रेलियात १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहून मागणी केली, असे सांगितले जाते, की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजाराला नेता येतील अशी एकच गाडी द्या. दोन गाड्या परवडत नाहीत. जिलाँगच्या कारखान्यातल्या लुईस बँड्ट या तरुण अभियंत्याने मोटारीची केबिन आणि मालाचा हौदा एकाच अंगात जोडला आणि १९३४ मध्ये ती गाडी बाजारात आली. तिचे वंशज तिथे 'यूट' म्हणून ओळखले जातात आणि त्यातल्या कामाच्या गाड्यांचा साधारण मापदंड आजही एक टन माल हाच आहे. आपल्याकडचा प्रवास मात्र दोन वाटांनी गेला. टाटांची ४०७ ही १९८६ मध्ये आली, १९८८ मध्ये टाटामोबाइल आली, २००५ मध्ये एस आली आणि गावोगाव 'छोटा हत्ती' झाली. ही मालाची वाट. दुसऱ्या वाटेवर महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे २००७ मध्ये, टाटांची झेनॉन त्यानंतर, इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये आली. गेटअवे आणि झेनॉन आज नव्या मिळत नाहीत. पहिल्या वाटेवर गर्दी मावत नाही आणि दुसरी ओस, याचा अर्थ ग्राहकाला हौदा नको असा नाही. ज्याला हौदा हवा त्याला दुसऱ्या वाटेवरची किंमत झेपत नाही, आणि ज्याला किंमत झेपते त्याच्याकडे भरायला माल नसतो.

आता एकेक सोय घेऊन पाहू. पहिली चारही चाकांना ताकद देण्याची. रिकामा पिकअप हा मुळात पुढे जड आणि मागे हलका प्राणी. इंजिन पुढे, माणसे पुढे, आणि जोर मात्र मागच्या चाकांना. हौद्यात वजन नसेल तर ओल्या मातीत मागची चाके जागच्या जागी फिरतात. फोर बाय फोरमध्ये हा जोर पुढच्या चाकांनाही मिळतो, आणि 'लो'चा दांडा टाकला की वेग घटून ओढ बरीच वाढते. हे तंत्र जाहिरातीत नेहमी वाळवंटात किंवा बर्फात दाखवतात. पण कोल्हापूर जिल्ह्यातच गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. एका टोकाला लाल चिकट माती, दुसऱ्या टोकाला काळी रेगड. उसाच्या फडातली पाणंद जुलैत काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. जी सोय दाजीपूरच्या वाटेवर पर्यटकाच्या कामी येते, तीच पाणंदीत रुतलेली दुधाची खेप बाहेर काढते. मात्र ती अर्धवेळ वापरायची सोय आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती लावून ठेवली तर वळणावर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक जिरायला जागा मिळत नाही आणि यंत्रणेवर ताण येतो. ज्याच्या घरापासून मळ्यापर्यंत पक्का रस्ता आहे, त्याने या सोयीसाठी पैसे टाकू नयेत. हातकणंगल्याच्या सपाटीवर ती बहुतेक दिवस झोपून राहील. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीत चार महिने जागी असेल.

दुसरी गोष्ट हौदा. दुहेरी केबिनच्या पिकअपचा हौदा साधारण पाच फूट लांब आणि तितकाच रुंद. त्यात शर्यतीचा बैल उभा राहू शकत नाही, उसाची मोळी नीट बसत नाही, वीस फुटी पाइप बाहेर लोंबतो. हे स्पष्ट कबूल केले पाहिजे. उसासाठी बैलगाडी, अंगद गाडी आणि ट्रॅक्टर-ट्रॉली आहेत. पिकअपचे ते काम नव्हे. पिकअपचे काम मधल्या वजनाचे आहे: ४५ किलोंची युरियाची दहा पोती, विहिरीतली बिघडलेली मोटार, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, ४० लिटरचे दुधाचे कॅन, ज्यांचे भरल्यावर एकेकी वजन पन्नास किलोंच्या घरात जाते. शहरातही तेच. शिरोलीच्या फौंड्रीतून निघालेले कास्टिंग शिवाजी उद्यमनगरातल्या मशिन शॉपला द्यायचे आणि तयार जॉब गोकुळ शिरगावला पोहोचवायचा, तर खेप बऱ्याचदा दोनशे ते आठशे किलोंची असते, सोबत मालक आणि कामगार असतात, आणि ट्रक बोलावण्याइतके काम नसते. अशा खेपेला हौद्याच्या लांबीपेक्षा त्याच्या बारीक सोयी मोलाच्या. फाळका हलक्या हाताने उघडतो का आणि उघडल्यावर त्यावर माणूस उभा राहू शकतो का. दोरी बांधायला कड्या किती आणि कुठे. तळाला टणक अस्तर आहे का, कारण युरियाचा ओला दाणा पत्रा खातो आणि कास्टिंगची धार रंग सोलते. आणि सर्वांत महत्त्वाचे, कुलूपबंद झाकण. चार महिने पाऊस झेलणाऱ्या जिल्ह्यात उघडा हौदा म्हणजे चाकांवरचे टाके. ताडपत्री पुरते, पण तिला कुलूप नसते. हेच झाकण रविवारी रस्सा मंडळाची भांडी आणि शिधा कोरडा ठेवते, हाच फाळका मळ्यात उघडला की भाजी चिरायचा ओटा होतो, याच कड्यांना सायकली उभ्या बांधून पन्हाळ्यापर्यंत नेता येतात. मौजेसाठी वेगळे असे काही बसवावे लागतच नाही. कामाची सोय नीट केली की मौज तिच्यातून आपोआप निघते.

तिसरी गोष्ट केबिन, आणि इथे माझा आग्रह सर्वांत जास्त आहे. आपल्याकडे माणसे हौद्यात बसतात. जत्रेला, लग्नाला, भांगलणीला, ऊसतोडीला बसतात. मालवाहू गाडीच्या हौद्यातून प्रवासी नेणे बेकायदा आहे आणि त्याची किंमत अपघातानंतर कळते. 'न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी' या २००२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याची वैधानिक जबाबदारी विमा कंपनीवर नाही. म्हणजे जखम त्यांची आणि भरपाईचा बोजा गाडीमालकाच्या शेतावर. म्हणून मागे आसने असलेली दुहेरी केबिन ही चैन नाही. चार-पाच माणसांना हौद्यातून उचलून पट्ट्याच्या आसनात बसवणारी ती सुरक्षेची सोय आहे. पण इथेच गाडीच्या दोन शकलांचा खरा तोटा दिसतो. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेली 'भारत एनकॅप' ही अपघात-चाचणी प्रवासी मोटारींसाठी आहे. मालवाहू वर्गात नोंदलेली दुहेरी केबिन तिच्या कक्षेत येत नाही. त्या केबिनमध्ये पाच जिवंत माणसे बसतात, तरी कागदावर ती मालाची गाडी. प्रवासी मोटारीला सक्तीच्या असलेल्या एअरबॅगसारख्या सोयी तिथे सक्तीच्या नाहीत. त्या हव्या असतील तर बहुधा वरच्या गाडीकडे जावे लागते, आणि तिथे गेले की तेहतीस रव्यांचे नऊ रवे होतात. गरीब खरेदीदाराने माल निवडायचा आणि श्रीमंताने जीव, अशी ही वाटणी आहे. ती मला मान्य नाही.

पुराचा विचार केल्याशिवाय कोल्हापुरात कोणत्याही गाडीची चर्चा पुरी होत नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि दूध, भाजी, इंधन सारेच अडले. अशा वेळी उंच गाडीचे आकर्षण वाढते. हायलक्ससारखी गाडी ७०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, असे कंपनी सांगते. हा आकडा साचलेल्या, तळ माहीत असलेल्या पाण्याचा आहे. वाहते पाणी दोन फुटांचे असले तरी मोठी गाडी बाजूला रेटते, आणि पुराखालचा रस्ता खचला आहे की शाबूत हे कोणत्याच गाडीला दिसत नाही. तेव्हा उंच पिकअपचा पुरातला खरा उपयोग पाण्यात शिरण्यात नाही. पाणी चढण्याआधी, कच्च्या वाटेने, घरातली माणसे, धान्य, गॅसची टाकी आणि शेरडे-वासरे एका खेपेत उंचावर हलवण्यात आहे. पाणी उतरल्यावर चिखलातून औषधे आणि चारा पोहोचवण्यात आहे. यासाठी आसनेही लागतात आणि टनभर उचलणारा हौदाही. नऊ रव्यांची गाडी इथे देखणी दिसेल आणि अपुरी पडेल.

आक्षेप बरेच आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला किमतीचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला सव्वातीन हजार हाती आले असे धरले, तरी पंचवीस लाखांच्या गाडीसाठी पावणेआठशे टनांच्या आसपास ऊस घालावा लागेल. एकरी ४५ टन धरले तर सतरा एकरांचे पूर्ण उत्पन्न, तेही खतपाण्याचा खर्च न धरता. बहुतेक शेतकरी अल्पभूधारक असलेल्या जिल्ह्यात हे गणित बसत नाही, आणि ते बसते असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे आहे की तेच गणित दहा-बारा लाखांच्या, टनभर माल नेणाऱ्या, सुरक्षित दुहेरी केबिनला बसू शकते, कारण ती मोटारसायकल, भाड्याचा टेम्पो आणि सुमो-बोलेरो या तिघांचे काम एकटी करते. दुसरा आक्षेप लांबीचा. व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोन्ही सव्वापाच मीटरच्या पुढे आहेत. शिवाजी पेठेच्या किंवा मंगळवार पेठेच्या बोळात त्या वळवणे कठीण, आणि करूळ घाटाच्या वळणावर समोरून एसटी आली की अधिकच. हा आक्षेप पूर्ण खरा आहे. पेठेत राहणाऱ्याने ही गाडी घेऊ नये. तिसरा आक्षेप प्रवासाच्या सुखाचा: मागचे कमानपाटे मालासाठी ताठ केलेले असतात, म्हणून रिकामी गाडी उडते आणि मागच्या आसनावरच्या म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. हेही खरे. पण पाटे मऊ करून माल तीनशे किलोंवर आणणे हा उपाय नव्हे. अर्धा भार असताना सुसह्य आणि पूर्ण भाराला पुरेसे असे पाट्यांचे थर बसवता येतात, ते तंत्र जुने आहे.

चौथा आक्षेप निसर्गाचा आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. अशी गाडी हाती आली की माणूस रस्ता सोडतो. मसाई पठारासारखा सडा दिसायला उजाड खडक. पण त्यावरच्या बोटभर मातीत पावसाळ्यात अशी फुले येतात, जी दुसरीकडे क्वचित सापडतात. चाकाची एक चाकोरी तो थर कायमचा फाडते. राधानगरी अभयारण्य पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून आहे आणि पन्हाळा जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांचा भाग म्हणून त्याच वारसा यादीत आला. या जागांवर गाडीच्या ताकदीची परीक्षा घेणे ही हौस नाही, नासधूस आहे. फोर बाय फोर पाणंदीसाठी आहे, पठारासाठी नाही. वाट संपली की गाडी थांबवून पायी चढणाऱ्याचाच तिच्यावर अधिकार आहे, असे मी मानतो.

आता प्रश्न उरतो तो असा की मधली गाडी का मिळत नाही. कारण गाडीचा आकार कारखान्याइतकाच नियमही ठरवतात. अमेरिकेने १९६४ मध्ये परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के आयात कर लावला आणि तिथल्या पिकअपचा सारा बाजार त्यानुसार घडला. आपल्याकडे २००६ नंतर चार मीटरच्या आतल्या मोटारींना करसवलत मिळाली आणि गाड्यांच्या शेपट्या कापल्या गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ही चांगली गोष्ट झाली. परवान्याची अडचणही दूर झाली आहे: नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले की हलक्या वाहनाचा परवाना असणारा साडेसात हजार किलोंच्या आतले मालवाहू वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो. राहिले ते एवढेच की दुहेरी केबिनला कागदावरही दुहेरी मानावे. माल नेते म्हणून तिचा कर मालवाहू गाडीइतका ठेवावा. माणसे नेते म्हणून तिची अपघात-चाचणी आणि सुरक्षा-साधने प्रवासी मोटारीइतकी सक्तीची करावीत. त्याने किंमत थोडी वाढेल. पण टनभर क्षमता, पाच सुरक्षित आसने आणि साधे अंग असलेल्या गाडीला टचस्क्रीनची, चामडी आसनांची गरज नाही. तेवढे वगळले तर वाढीचा बराच भाग निघून येईल.

तोपर्यंत घेणाऱ्याने काय करावे? माझ्या मते त्याने वर्षातले दिवस मोजावेत. हौदा किती दिवस भरेल, मागची आसने किती दिवस भरतील, आणि दोन्ही एकदम किती दिवस भरतील. फक्त हौदा भरत असेल तर एका केबिनची गाडी बरी. फक्त आसने भरत असतील तर साधी मोटार बरी. दोन्ही एकदम भरणारे दिवस वर्षात शंभर असतील, तरच दुहेरी केबिनचा विचार करावा. एका घरात हे शंभर दिवस भरत नसतील, तर तीन घरांत भरतील. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने, गोकुळने, दोन म्हशींच्या धन्यालाही मोठ्या बाजारात उभे केले ते अनेक घरांचे थोडे थोडे एकत्र करूनच. गावच्या दूध संस्थेने किंवा शेतकरी गटाने एक दुहेरी केबिन घ्यावी. सकाळी तिने कॅन न्यावेत, दुपारी खत आणावे, चैत्रात माणसे आसनावर आणि शिधा हौद्यात ठेवून डोंगर चढावा, आणि नदी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागली की सखल भागातल्या घरांपुढे उभे राहावे. पूर्वी गावाची बैलगाडी हे सगळे करीत होती. तिच्या जागी येणाऱ्या गाडीकडून त्याहून कमी अपेक्षा ठेवायचे काही कारण नाही.